बागेतली छोटी मॉडेल रेल्वे : रविवारी रुळांची डागडुजी

सभासदहो, पाऊस उघडलाय. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता बागेत, आंब्याखालच्या स्टेशनापाशी जमायचं आहे. आपापल्या मॉडेल आगगाड्या आणू नका, त्या दिवशी एकही धावणार नाही.

– पुलापलीकडची खडी वाहून गेली, स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) अधांतरी आहेत. कचखडीच (फोडलेली, टोकदार बारीक खडी) भरायची; गोल गोटे सरकतात.
– पितळी रूळ काळवंडलेत. बारीक पॉलिश पेपर आणा. तारेची घासणी अजिबात नको, तिचे तंतू इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटतात.
– घाटाचा चढ कमी करू. खऱ्या बोरघाटात तो ३७ला १ (३७ फूट अंतरात १ फूट चढ) आहे, आपण ५०ला १वर थांबू. आत्ता चार डबे जोडले की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं!
– रुळांतलं अंतर ४५ मिमी, वळणावर नक्की मोजा.

पोहे-चहा आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.

– सचिव