पिशवी मोठी झाली, नळी सुटली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत आतड्याचा तुकडा लावून लहान मुलांची लघवीची पिशवी मोठी करतात त्या ऑपरेशनबद्दल आलं होतं, आणि वर मथळा काय तर 'आता नॉर्मल लघवी'. तसं नसतं हो. माझ्या मुलीला जन्मतः स्पायना बिफिडा आहे (पाठीचा कणा नीट न जुळल्याने पिशवीच्या नसा बिघडतात), आठव्या वर्षी तिचं हेच ऑपरेशन झालं, म्हणून लिहितेय.

त्या वयाला पिशवीत साधारण 300 मिली मावायला हवं, वयात 2 मिळवून 30 ने गुणायचं असा डॉक्टरांचा हिशोब. हिची पिशवी इतकी कडक की 90 लाच प्रेशर चढायचं आणि लघवी उलटी किडनीकडे. औषधं झाली, पिशवीत बोटॉक्सची इंजेक्शनंही झाली, मग लहान आतड्याचा वीतभर तुकडा उभा चिरून, सपाट करून पिशवीला ठिगळासारखा शिवला. चिरायचा कशाला, तर नळीसारखाच ठेवला तर आतडं आतल्या आत आवळत राहतं, प्रेशर परत वाढतं.

आता साठतं छान, किडनीवरचा ताण गेला, रात्री कोरडी झोपते, आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही रबरी कापड गुंडाळून माळ्यावर टाकलं. पण ठिगळ काही लघवी बाहेर ढकलत नाही ना, त्यामुळे दर तीन-चार तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, लघवीच्या वाटेने पिशवीत घालूनच काढायची, आणि हे कायमचं. शिवाय आतडं ते आतडंच, शेंबडासारखं चिकट सोडत राहतं, ते रोज सलाईनने धुवायचं, नाहीतर नळी तुंबते नि खडे होतात. रक्तातलं अ‍ॅसिड, बी12 तपासत राहायचं. आणि पोटात जोरात दुखलं की गॅस म्हणून ओवा देत बसायचं नाही, पिशवी फुटलेली असू शकते, तडक हॉस्पिटल गाठायचं!

ऑपरेशन करू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, आम्ही परत केलं असतं. पण तुमच्या मथळ्यासारखंच काहीतरी वाचून शाळेतल्या बाई मागे म्हणाल्या, "आता बरी झाली ना, मग दर सुट्टीत इतका वेळ कशाला लागतो?" पोरगी लाजून दुपारची नळी टाळायला लागली, आणि भरलेली पिशवी ताणून ठेवणं हाच तर मोठा धोका. आम्ही अर्ज केला, दोन महिन्यांनी मुलींच्या एका संडासाला कडी बसली. हात धुवायला पाणी मात्र दुपारी अजून नसतं, घरून दोन लिटरची बाटली देते.

आपली,
एक वाचक, सातारा