ट्रॅक्टर घ्यायला निघालास म्हणून

औसा, जि. लातूर
रविवार, दुपार

प्रिय बापू,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला. पाडव्याला ट्रॅक्टर आणायचा म्हणतोस, आणि पहिल्याच शोरूममध्ये तुला ताटकळत बसवून शेवटी "कोटेशन व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणून वाटेला लावलं. त्यावर तू एवढा तापलायस की निम्मा मेसेज शिव्यांचाच आहे. राग मानू नको, पण मला हसू आलं. सोयाबीन निघाल्यापासून संक्रांतीपर्यंत मी हेच भोगत होतो. फोनवर सांगायला बसलो तर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, ही तुझी हॉस्टेलपासूनची खोड. म्हणून हरभऱ्याचं खळं आवरलंय तोवर लिहूनच काढतो.

हे लोक असं का वागतात, ते आधी ऐक. आपल्याकडे सगळे म्हणतात, कपडे बघतात, पायातलं पायताण बघतात. बघत असतीलही. पण मला तरी त्यात फार तथ्य दिसलं नाही. लातूरच्या एका शोरूममध्ये गेलो तर पाणी आलं, चहा आला, सेल्समन पोरगा "काका, काका" करत ट्रॅक्टरभोवती फिरवत होता. सीटवर बसवून माझा फोटोसुद्धा काढला. मग विचारलं, "फायनान्स आपल्याकडूनच करायचा ना?" मी म्हटलं, नाही बाबा, आमच्या बँकेत बोलणं झालंय. झालं! पोराचा चेहराच उतरला. "बसा हं काका, आलोच" म्हणून जो गेला तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन फिरताना दिसला.

याचा उलगडा दुसऱ्याच एका शोरूमबाहेरच्या टपरीवर झाला. तिथल्याच कामावरचा एकजण माझ्या शेजारी उभा राहून चहा पीत होता. मी आपलं गाऱ्हाणं सांगितलं, तर म्हणाला, "ट्रॅक्टरवर मालकाला फार सुटत नाही काका. फायनान्सची फाईल अन् विमा, तिथं सुटतं." तेव्हापासून मला प्रत्येक शोरूम वाचता यायला लागलं. ट्रॅक्टर हे आमिष आहे बापू, दुकान कर्जाचं आहे. तू स्वतःचं कर्ज घेऊन गेलास, अनुदानाचा अर्ज घेऊन गेलास किंवा रोख घेऊन गेलास, की तू त्यांच्या कामाचा राहत नाहीस. मग कोटेशनला उशीर होतो, डेमोला ड्रायव्हर नसतो, आणि मॅनेजरसाहेब कायम "बाहेर" असतात. हे कळलं की निम्मा राग जातो. उरलेला निम्मा भाव करायला राखून ठेव.

कर्जाचं निघालंच आहे तर एक हिशेब सांगतो. "फक्त नऊ टक्के" असं कुणी म्हणालं की लगेच विचार, फ्लॅट की रिड्युसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज? बहुतेक वेळा त्यांच्या तोंडी फ्लॅटच असतो. पाच लाखांवर पाच वर्षं नऊ टक्के फ्लॅट, म्हणजे सव्वादोन लाख व्याज. एकूण सव्वासात लाख, सहामाही दहा हप्ते, एकेक 72,500 चा. प्रत्येक हप्त्याला मुद्दल उतरत जातं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या पाच लाखांवर. हेच रिड्युसिंगमध्ये बसवलं तर दर पंधराच्या घरात जातो. भाच्यानं एक्सेलवर काढून दाखवलं, 14.8 आलं. बँकेचा दर याच्या शेजारी ठेवून बघ. बँकेत कागदपत्रांना चपला झिजतात हे खरंच आहे, पण त्या झिजवण्याची मजुरी तुला सुटते.

आता कोटेशन. एकानं मला व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागं बॉलपेननं "7.85 ऑनरोड" लिहून दिलं, म्हणजे सगळा खर्च धरून 7.85 लाख, खाली एक रेघ, बस्स. हे कोटेशन म्हणे. मी लेटरहेडवर मागितलं तर "बुकिंग करा, लगेच देतो." म्हणजे आधी इसार द्यायचा आणि मग भाव कळणार. दुसऱ्यानं छापील दिलं, पण त्यात "आरटीओ + विमा + इतर" अशी एकच ओळ आणि पुढं एकच गोल आकडा. ती ओळ फोडून मागितली की पंचाईत होते, कारण शेतीच्या ट्रॅक्टरला आपल्याकडे मोटार वाहन कर माफ आहे. नोंदणीची फी आणि नंबर प्लेट मिळून फार काही होत नाही. विमा कुठून काढायचा हे ठरवणं तुझ्या हातात आहे, त्यांच्या नाही. मी बाहेरून भाव आणला, त्यांच्यापुढं ठेवला, तेव्हा तोच विमा एकदम स्वस्त झाला. आणि ते "इतर"? फाईल चार्ज, हाताळणी, असली नावं. "याची पावती वेगळी देणार का?" एवढंच विचार. पावती द्यायची वेळ आली की बरेचसे "इतर" आपोआप गळतात.

ॲक्सेसरीजचंही तसंच. हूड, बंपर, टॉपलिंक, हिच, ड्रॉबार, टूलकिट असा गठ्ठा करून एकत्र रक्कम लावतात. त्यातल्या काही वस्तू कंपनीच गाडीबरोबर देते. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते खिशात ठेवून जा.

जीएसटीचा एक किस्सा सांगतो, तू आडवा पडशील. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला. सात लाखांच्या मूळ किमतीवर 49 हजारांचा फरक. मी गेलो त्यानंतर, दिवाळी उलटून गेलेली. तरी एक महाशय म्हणतात, "हा जुन्या जीएसटीचा माल आहे काका, त्याला जुनाच रेट लागणार." कर बिल फाडण्याच्या दिवशीचा लागतो. कारखान्यातून गाडी कधी निघाली याच्याशी त्याचा काय संबंध? मी म्हटलं, मग बिलावर बारा टक्के छापून द्या. छापणार कसे? तिथून उठलोच. मात्र त्यानं नकळत एक खरी गोष्ट सांगून टाकली, गाडी जुनी होती. तेव्हा चेसिस नंबरवरून बनल्याचा महिना विचारून घे, आणि टायरच्या कडेला चार आकडे असतात ते बघ. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. यार्डात दोन उन्हाळे खाल्लेलं रबर नव्याच्या भावात कशाला घ्यायचं?

डेमोची तऱ्हा तर काय सांगू. मी म्हटलं, लिफ्टला माझा रोटाव्हेटर जोडून रानात एक तास चालवून दाखवा. आमची काळी जमीन, ओल असली की भलेभले हँग होतात. तर म्हणे, "त्यात डिझेल नाही." मी म्हटलं, मी टाकतो. मग, "ड्रायव्हर नाही." चालवायला मी आहे की! मग शेवटी खरं बाहेर आलं: ती गाडी विकलेली होती, दुसऱ्याची, फक्त दारात मांडून ठेवली होती.

एचपी विचारशील तेव्हा पीटीओचा विचार, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर मिळतो तो. पाटीवर असतो तो इंजिनचा, आणि तुझा फवारणीचा ब्लोअर काय किंवा माझा रोटाव्हेटर काय, पीटीओवर चालतो. तिथं नेहमी कमीच भरतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे, तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्ट किती किलो उचलते, सगळं मोजून दिलेलं असतं. मी सेल्समनला त्या मॉडेलचा बुदनीचा रिपोर्ट मागितला. तो म्हणाला, "बुदनी हा आपल्या कंपनीचा माल नाही." अशाशी काय बोलायचं? आणि गंमत म्हणजे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी कोटेशनबरोबर हाच तपासणी अहवाल लागतो. जो डीलर तो देऊ शकत नाही, त्यानं अनुदानाची कामं किती केली असतील ते तूच ओळख.

आता अनुदान, कारण इथंच सगळ्यात मोठी फसगत होते. आमचा सातबारा तुझ्या वहिनीच्या नावावर, अर्जही तिच्याच नावावर. महिलांना आणि अल्पभूधारकांना सव्वा लाखापर्यंत मिळतं, तुझ्यासारख्याला एक लाखापर्यंत. आम्ही दोघं मिळून शोरूमला गेलो. खुर्ची मला दिली, माहितीपत्रक मला दिलं, आणि तिला विचारलं, "वहिनी, रंग कुठला आवडतो?" ती काही बोलली नाही. मालक स्वतः आला आणि म्हणाला, "मुहूर्त चांगला आहे, आज गाडी घेऊन जा, अनुदानाचं मागाहून बघू." तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "पूर्वसंमतीच्या आधी बिल फाडलं तर अनुदान बाद होतं. मग ते सव्वा लाख तुम्ही देणार का? तसं लिहून द्या." मालक एकदम हिशेबाच्या वहीत शिरला. त्या दिवसापासून भाव करायला मी तिलाच पुढं करतो.

तेव्हा बापू, शेतकरी ओळखपत्र काढलेलं नसलं तर आधी ते काढ, मग अर्ज कर. आता सोडत नाही, आधी अर्ज करणाऱ्याचा नंबर आधी लागतो. निवड झाली, कागद अपलोड झाले, पूर्वसंमती हातात आली, की मगच खरेदी, आणि पैसे तुझ्याच खात्यातून बँकेमार्फत. पाडवा चुकला तर चुकू दे. अक्षय्य तृतीया आहे, दसरा आहे, आणि ट्रॅक्टरला मुहूर्त कळत नाही. आमचं अनुदान अजून जमा व्हायचंय, मोका तपासणी, म्हणजे त्यांनी येऊन गाडी बघणं, तेवढं झालं. येईल तेव्हा खरं.

शेवटी मी गाडी घेतली ती लातूरची नाही, शेजारच्या तालुक्यातल्या एका छोट्या डीलरकडून. शोरूम कसलं, पत्र्याचं शेडच. पण मी आधी मालकाकडे न जाता मागं वर्कशॉपमध्ये गेलो. मेकॅनिक एका जुन्या गाडीचा क्लच उतरवून बसला होता. त्याला विचारलं, या मॉडेलचं काय जातं? तो हात पुसत म्हणाला, "हायड्रॉलिकचं सील जातं, पण माझ्याकडं असतंय." आणि उठून फळीवरून काढून दाखवलं. मला तिथंच पटलं. कुठल्याही गाडीचं काहीतरी जाणारच. मे-जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर ते सील फळीवर असणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. भाव लातूरपेक्षा चार हजार जास्त पडला. दिले. पन्नास तासांच्या पहिल्या सर्व्हिसिंगला तोच मेकॅनिक मोटारसायकलवरून रानात आला.

जुना ट्रॅक्टर एक्स्चेंजला मात्र नाही दिला. तिथं किंमत पाडूनच मागतात. गावातल्याच एकाला विकला, पण 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून आरटीओत नाव चढेपर्यंत मी त्याच्या मागं लागलो होतो. तूही तसंच कर. आरसीवर तुझं नाव राहिलं आणि त्यानं कुठं ठोकला, तर नोटीस तुझ्या दारात येईल.

तुझी गोष्ट थोडी वेगळी आहे, हे मला कळतंय. तुला नान्नजच्या द्राक्षबागेत ओळींमधून जाणारा लहान हवाय आणि ते तुला 42 एचपीचा गळ्यात मारतायत, कारण लहान स्टॉकमध्येच नाही. "बागेत जाईल की!" म्हणतात ना? ओळीतलं अंतर मोजून जा, ओलांडे (वेलीचे आडवे हात) आणि फांद्या धरून मोकळी जागा किती उरते ते मोज, आणि तिथंच टेप काढून टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत माप घे. वळायला बांधाला किती जागा आहे तेही. ब्लोअरवाल्याला फोन करून त्याला पीटीओ किती लागतो ते विचार, डीलरला विचारू नको. आणि 50 च्या वरचं काही दाखवलं तर ऐकूसुद्धा नको. 2023 पासून त्यांना धुराचे नवे नियम लागलेत, किंमत चढली, आणि तुझ्या बागेत त्यांचं काय काम?

सोलापुरात तीन-चार कंपन्यांची शोरूम आहेत, सगळीकडून छापील कोटेशन घे, प्रत्येक ओळ वेगळी. एकाचं दुसऱ्याला दाखवायला लाजू नको. त्यांना लाज वाटत नाही, मग आपल्याला कशाला? जमेल तर महिनाअखेरीला जा, टार्गेट भरायचं असतं तेव्हा मॅनेजर "बाहेर" नसतो. आणि जायच्या आधी तुझ्या भागातले दोन-तीन मालक गाठ, ज्यांनी तीच गाडी दोन हंगाम चालवलीय. त्यांना गाडीचं नको, सर्व्हिसिंगचं विचार.

कोटेशन आली की फोटो पाठव. भाचा एक्सेल उघडून बसलाच आहे, आणि "इतर"वर नजर टाकायला तुझी वहिनी. काकूंना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. छाटणीच्या गडबडीत फोन उचलत नाहीस, तेवढं सोडून बाकी सगळं माफ.

तुझा,
लंबू