भोसरीच्या आमच्या मशीन शॉपवर आलेल्या सरांचे जाहीर आभार

सर, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नुसतं 'सर'. पण आभार चारचौघांत मानायचेच होते. अगदी थोड्या तेलात मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणं, कसं करायचं हे तुम्ही दाखवलंत; ते इथल्या कितीतरी छोट्या शॉपना उपयोगी पडेल.

फ्लड कूलंट, म्हणजे धातू कापताना गारव्यासाठी वरून सोडलेलं पाणी-तेलाचं मिश्रण, मिनिटाला कित्येक लिटर वाहतं. तुम्ही आमच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) तासाला 10 ते 100 मिलिलिटरच्या हिशेबात वनस्पतिजन्य तेल हवेच्या दाबाने नेमकं कटरच्या धारेवर सोडायला शिकवलंत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कारण समजावलंत. फेस मिलचा (सपाट पृष्ठ कापणाऱ्या कटरचा) इन्सर्ट, म्हणजे त्यात बसवलेला कार्बाइड या कडक पदार्थाचा बदलता तुकडा, प्रत्येक फेऱ्यात जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या धातूत, शिरताना तापतो आणि बाहेर पडताच कूलंटखाली एकदम गार होतो. ही सततची ओढाताण कार्बाइडला सोसत नाही, म्हणून धारेला काटकोनात बारीक भेगा पडतात. जास्त पाणी म्हणजे हत्यार जास्त टिकणार, ही आमच्याकडची पक्की समजूत तुम्ही भिंगाखाली वापरलेले इन्सर्ट दाखवून मोडलीत. नोझलचा कोन लावायला मशीनपाशी किती वेळ उभे राहिलात, ते पोरं अजून सांगतात.

त्या पोरांसाठी तर मी तुमचा फार ऋणी आहे. गुरुवारच्या सुट्टीत टाकीतलं कूलंट साचून राहायचं, त्यात जंतू वाढायचे आणि शुक्रवारी शटर उघडलं की सडका वास यायचा. ऑपरेटरच्या बोटांची कातडी सोलायची. तुम्ही आल्या आल्या आधी त्यांचे हात बघितलेत, मग मशीन. मिलिंगला आता ती टाकी लागत नाही. चिप्स कोरड्या पडतात, भंगारवाला भावही बरा देतो.

आणि तुम्ही काहीही वाढवून सांगितलं नाहीत. ग्राइंडिंग, टायटॅनियम, इनकोनेल (निकेलचा कठीण मिश्रधातू) असेल तिथे भरपूर कूलंटच हवं, असं स्वच्छ सांगितलंत. तेलाचे तुषार बारीक असतात, छातीत जातात, म्हणून ते ओढून घेणारा मिस्ट एक्स्ट्रॅक्टर बसवल्याशिवाय मशीन चालू करू दिलं नाहीत. तेव्हा तो खर्च मला जड वाटला होता, पण तुमचा हट्ट योग्यच होता.

आता ॲल्युमिनियम हाउसिंगचं ड्रिलिंग याच पद्धतीने करायचं मनात आहे. तिथे धातू ड्रिलला चिकटतो, त्यामुळे तेल बाहेरून सोडायचं की स्पिंडलमधून (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याच्या आतून), हे तुम्ही समोर असताना ठरवायचं आहे. सवडीने या, पोरं वाट बघतायत.

आपला कृतज्ञ,
भोसरीतला एक शॉपवाला