नाल्यांच्या पाहणीबाबत सूचना

सर्व उद्योजक, व्यापारी व नागरिक सदस्यांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला नागपुरातल्या नागनदीवरील पुलांची पाहणी आहे. गमबूट व मोजपट्टी आणावी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाखालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते विसरू नये.

प्रत्येक पुलाखाली गाळापासून स्लॅबच्या तळापर्यंतची उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजावी. मधलाच आकडा घेतला तर हिशेब चुकतो, कारण गाळ कडेला साचतो. फोटोत मोजपट्टी दिसलीच पाहिजे. नुसत्या कचऱ्याच्या फोटोवर कोणी हलत नाही. पुलाला लागून आडवा पाइप असेल तर तो आधी बघा, पिशव्या, चिंध्या, फांद्या तिथंच अडकतात. काढलेला गाळ काठावरच पडलेला असेल तर वेगळी नोंद करा. पहिल्याच पावसात तो परत पात्रात येतो, म्हणजे खर्च पाण्यात.

हिंगणा एमआयडीसीतील सदस्यांनी आपापल्या शेडच्या छताचं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जोडलेलं नाही ना, हे तपासावं.

या नोंदींवरची पत्रं योग्य दारात जाऊ द्या: शहर हद्दीतलं महापालिकेकडे, औद्योगिक वसाहतीतलं एमआयडीसीकडे, बाहेरच्या गावांतल्या बांधकामाचं एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). मोजमापं रविवारी रात्रीपर्यंत पाठवा.