गाडीचं तोंड बंद करू नकोस

जळगाव,
१२ मे

प्रिय सुहास,

तुझं विजेच्या गाडीचं चित्र मिळालं. गाडीचं तोंड, म्हणजे वारा आत घेणारी पुढची जाळी, तू पार बुजवून टाकलंस, नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. दिसतं देखणं. पण चार दिवस झाले, ते काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

विजेच्या गाडीला एवढं तोंड लागत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाचा निम्म्याहून जास्त भाग उष्णतेतच जातो, विजेची मोटर त्या मानाने थंड डोक्याची. शिवाय आत शिरलेला वारा गाडीला मागे ओढतो आणि रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणारं अंतर, खातो. टेस्लाने २०१६ मध्ये मॉडेल एसच्या नाकावरचा काळा पट्टा काढला, तेव्हा तूच मला फोटो दाखवला होतास.

पण गेल्या आठवड्यात मामांच्या गाडीतून धुळ्याहून येत होतो. भर दुपार, बाहेर ४४ अंश. वाटेत फास्ट चार्जरला लावली तर पंखा घोंघावायला लागला आणि चार्जिंगचा वेग पडत गेला. मामा वैतागले. मी वाकून बंपरच्या जाळीतून पाहिलं. कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पापुद्र्यांत काळ्या मातीची धूळ आणि काडीकचरा ठासून भरला होता.

बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंश मानवतात. आता तूच सांग, बाहेरचा वाराच ४४ चा, तर नुसता रेडिएटर तिला ३५ वर कसा आणणार? आपल्याकडे मे महिन्यात नुसता पंखा लावला की गरम झळाच अंगावर येतात, तसंच ते. म्हणून एसीचा गॅस बॅटरीच्या कूलंटला, म्हणजे तिला गार ठेवायला फिरणाऱ्या द्रवाला, थंड करतो, आणि ती सगळी उष्णता शेवटी पुढच्या कंडेन्सरमधूनच बाहेर पडते. त्यात करंट दुप्पट केला की तारांतली उष्णता चौपट. आणि गाडी उभी! पळतानाचा वारा नाही, सगळा भार पंख्यावर. म्हणजे तोंड सगळ्यात जास्त लागतं ते गाडी थांबलेली असताना, हे मला त्या दुपारी कळलं.

निस्सान लीफ ही विजेचीच गाडी, तिच्या पहिल्या पिढीच्या बॅटरीला कूलंट नव्हतंच. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात तिची ताकद लवकर घटली, २०१२ मध्ये मालकांनी तक्रारी केल्या. ऊन तिथलं काय आणि भुसावळचं काय.

तेव्हा वरचा भाग ठेव बंद, तो छानच आहे. पण बंपरखाली रुंद तोंड दे आणि त्याला उघडमीट होणाऱ्या झडपा. हायवेला मिटतील, चार्जरवर उघडतील. आणि एवढं ऐक, जाळी दोन स्क्रूंत निघू दे. पाइप धरून कंडेन्सर हलक्या धारेने धुता आला पाहिजे. मामांची गाडी धुवायला आम्हाला अख्खा बंपर उतरवावा लागला, दोन क्लिपा तुटल्या.

नवं चित्र टपालाने नको, घेऊनच ये. दिवाळीला नाही, याच महिन्यात. दुपारी दोन वाजता तुला त्याच चार्जरवर नेतो. आईने कळण्याचं पीठ दळून ठेवलंय.

तुझा,
दिलीप