जिन्यातून जाणारी केबल कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये गच्चीच्या गळतीवर तासन्‌तास चर्चा रंगते. पण त्याच गच्चीवरून जिन्यात उतरणाऱ्या फायबर केबलच्या जुडग्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इंटरनेट देणारी कंपनी अर्ज करते, संस्था ना हरकत पत्र देते, आणि कोणती केबल कुठून नेणार हे त्या पत्रात कुठेही लिहिलेले नसते. सचिव असताना अशी पत्रे मीही सही करून दिली आहेत.

फायबर केबलमधला काचेचा तंतू घरात काय, बाहेर काय, सारखाच, १२५ मायक्रॉन जाडीचा असतो. फरक असतो तो त्याच्या अंगावरच्या कपड्यांचा. बाहेरच्या केबलचे आवरण बहुधा पॉलिथिलीनचे असते आणि उन्हात तडकू नये म्हणून त्यात काजळी मिसळलेली असते. आत पाणी शिरू नये यासाठी जेल किंवा ओलाव्याने फुगणारे सूत असते, आणि जमिनीखाली टाकायच्या केबलला उंदरांपासून वाचवण्यासाठी पन्हळी पोलादी पट्टीही गुंडाळलेली असते. हे सारे ऊनपावसासाठी उत्तम. आगीसाठी मात्र नाही. साधे पॉलिथिलीन पेट घेते आणि जळत जळत ठिबकते. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे सुटकेची वाट जिन्याचीच, आणि नेमकी तिथेच आपण ही केबल मजल्यामागून मजले चढवतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत अशी बाहेरची केबल इमारतीत शिरल्यावर साधारण ५० फुटांच्या आत संपवावी, अन्यथा धातूच्या नळीतून न्यावी, असा दंडक आहे. आपण निदान जिन्यासाठी आणि डक्टसाठी कमी धुराच्या, हॅलोजनविरहित आवरणाची, म्हणजे बाजारात ‘एलएसझेडएच’ म्हणून मिळणारी केबल मागावी. पीव्हीसी नको, कारण ते जळताना हायड्रोजन क्लोराइडचा घुसमटवणारा वायू सोडते. मात्र केबल काळी म्हणजे बाहेरची आणि पांढरी म्हणजे आतली, या समजुतीवर विसंबू नये. घरापर्यंत येणाऱ्या चपट्या काळ्या केबलपैकी काहींचे आवरण एलएसझेडएचच असते. आवरणावर छापलेली अक्षरे वाचणे हाच खरा मार्ग.

उलट चूकही सर्रास होते. आमच्याकडे एका कंत्राटदाराने घरातली पांढरी केबल गच्चीच्या कठड्यावरून नेली होती. दोन उन्हाळ्यांत ती तडकली आणि तिसऱ्या पावसात निम्म्या विंगचे इंटरनेट गेले. दोन इमारतींच्या गच्च्यांमध्ये टांगलेल्या केबलमध्ये पोलादी तार असेल तर ती अर्थिंगला जोडायला हवी. त्यापेक्षा धातूऐवजी फायबरग्लासची कांडी असलेली केबल घेतलेली बरी, विजेची धास्ती तरी कमी होते.

भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरते असावे, आत शिरण्यापूर्वी केबलला खाली लोंबणारा एक झोल द्यावा आणि भोक सीलंटने बुजवावे. माझ्या घरी हे झाले नाही आणि केबलच्या अंगावरून ओघळलेले पाणी थेट मोडेममागच्या भिंतीत उतरले. साध्या जी.६५२ प्रकारच्या तंतूला ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण सोसत नाही, जी.६५७ ए२ प्रकारचा तंतू ७.५ मिलिमीटरपर्यंत वळतो, म्हणून दाराच्या चौकटींच्या कोपऱ्यांतून न्यायला तोच घ्यावा. पण सरकत्या खिडकीच्या खाचेत दाबलेली केबल कोणत्याही प्रकारची असली तरी टिकत नाही. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात खुपसू नये, कारण हिरव्याचे तोंड आठ अंश तिरके घासलेले असते. काम संपल्यावर तंत्रज्ञाकडून घरापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा लिहून घ्यावा: बऱ्याच घरगुती उपकरणांची खालची मर्यादा उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) आसपास असते, आणि आकडा उणे २० च्या जवळ असला तर पुढच्या बिघाडांसाठी थोडी शिल्लक राहते.

पुनर्विकासात जाणाऱ्या संस्थांनी तर विकासकाशी करार करतानाच प्रत्येक सदनिकेपर्यंत रिकामा पाइप आणि प्रत्येक मजल्यावर जोडपेटीची जागा मागून घ्यावी. नंतर भिंती फोडण्याचा खर्च सभासदांच्याच खिशातून जातो. जुन्या इमारतींतील संस्थांनी ना हरकत पत्रात केबलचा प्रकार, मार्ग आणि आवरण यांबरोबर आणखी एक अट घालावी: सेवा बंद झाल्यावर कंपनीने आपली केबल स्वखर्चाने काढून न्यावी. आमच्या जिन्यात आज १४ केबल आहेत. त्यांतल्या चालू आहेत पाच.

— एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव, चिंचवड, पुणे