घराचं सांगायचं राहिलं होतं

नेपरव्हिल, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. सगळे बरे आहोत. फोनवरही सांगता आलं असतं, पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईचं अर्धं कपाळ आणि ओटीवरचे वासे एवढंच दिसतं. त्यात मी काही जड बोलले की आई "बरं झालं हो" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा विचारतात, "हवा काय म्हणते तिकडची?" चार रविवार हवाच सांगितली. म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही इथे घर घेतलं. गेल्या महिन्यात किल्ल्या मिळाल्या.

2005 साली निघताना ओटीवर उभी राहून "पाच वर्षांत परत" म्हणाले होते, ते विसरलेले नाही. मग ग्रीन कार्डाची रांग आली, मग चिऊची शाळा आली, मग धाकट्याची. प्रत्येक वेळी मी नवीन साल सांगत गेले आणि तुम्ही कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत गेलात. पुढे कधीतरी तुम्ही विचारायचंच सोडलंत. ते जास्त लागलं. विचारत राहिला असतात तर घर घेताना भांडायला तरी कुणी असतं.

बाबा, तुम्हाला भावनेने सांगून काही पटत नाही, आकड्यांनी पटतं. म्हणून आकड्यांनीच सांगते.

शिकागोपासून हे गाव 45 किलोमीटरवर, म्हणजे गुहागर ते चिपळूण धरा. फक्त मध्ये घाट नाही, सगळं सपाट, आपल्या खळ्यासारखं. 1950 च्या शिरगणतीत इथे सात हजारांच्या आसपास माणसं होती. भोवती मक्याची शेतं आणि शिकागोला जाणारी आगगाडी. 1958 साली मोठा टोल रस्ता झाला, 1966 साली बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा आली, मागून आणखी कंपन्या आल्या आणि शेतांचे प्लॉट पडले. 1990 ला पंच्याऐंशी हजार, 2000 ला 1,28,358, 2010 ला 1,41,853, 2020 ला 1,49,540. वाढ आता मंदावली आहे, कारण बांधायला जागाच उरली नाही. आमचं घर 1988 चं. मागच्या अंगणात कुदळ मारली तर अजून शेतातली काळी माती निघते. आई, तुझ्या अळवाला चालेल अशी.

आता पैशाचं. मध्यांक तुम्हीच शिकवलात मला, पोरांना उंचीने रांगेत उभं करून. तसं इथल्या सगळ्या कुटुंबांना उत्पन्नाने रांगेत उभं केलं तर मधलं कुटुंब वर्षाला दीड लाख डॉलरच्या आसपास येतं. साऱ्या इलिनॉय राज्याच्या जवळजवळ दुप्पट. मोठ्या माणसांत दहातल्या सातांकडे कॉलेजची पदवी आहे. चारातली तीन घरं मालकीची. शंभरात बावीसच्या आसपास आशियाई, त्यात आपले भरपूर. हे वाचून तुम्ही चष्मा वर करून विचारणार की तू त्या रांगेत कुठे? मधल्याच्या जरा अलीकडेच आहोत, बाबा. श्रीमंत गावात साधं घर घेतलंय. समीर म्हणतो, या गावात आपण गरीब नाही, पण शेजारी बघून तसं वाटू शकतं.

एवढ्या महाग गावात घेतलं कशाला, तर शाळांसाठी. इथली घरपट्टी ऐकून आईने पदर तोंडाला लावू नये: वर्षाला घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास. जूनमध्ये अर्धी, सप्टेंबरमध्ये अर्धी. आपल्या ग्रामपंचायतीची पावती तुम्ही खिशातल्या सुट्ट्या पैशांत भरायचात, ती आठवून मी इथला आकडा तीनदा वाचला. पण त्यातला मोठा वाटा थेट शाळांना जातो. सरकारी शाळा, फुकट, आणि चिऊच्या शाळेत प्रयोगशाळेत खरोखरच प्रयोग होतात. जिल्हा परिषदेच्या मास्तरांच्या नातीने सरकारी शाळेतच शिकावं, हे तुम्हाला तरी आवडेल असं मी मनाशी धरलंय.

कर्ज तीस वर्षांचं आहे. व्याज सहा टक्क्यांच्या वर. शेवटचा हप्ता भरेन तेव्हा मी चौऱ्याहत्तरची असेन, म्हणजे बाबा, तुमच्या आजच्या वयाची. सही करताना हे डोक्यात आलं आणि क्षणभर पेन थांबलं. मग केली सही.

हे सगळं लिहिताना मला सारखी 1991 ची फेब्रुवारी आठवते. मी दहा वर्षांची. तुम्हाला शिरगणतीची ड्युटी लागली होती आणि मी कापडी पिशवी धरून मागे. काजू मोहोरले होते, पाखाडी चढताना तुमच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तुम्ही सुतळीने बांधलात. वरच्या वाडीतल्या त्या आजी आठवतात? तुम्ही घरातल्या माणसांची नावं विचारलीत तर आधी मुलाचं नाव सांगितलं. मुलगा मुंबईला गिरणीत. तुम्ही म्हणालात, तो तिकडे राहतो, तिकडचे लोक लिहितील त्याला. आजी ऐकेनात. "घर त्याच्या नावावर हाय गुरुजी. गणपतीला येतो तो. लिवा." तुम्ही त्यांचा चहा घेतलात, पेन्सिल कानावर अडकवलीत आणि नाव लिहिलं नाहीत. आजींनी जाताना मला ओंजळभर बोंडं दिली. उतरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "अर्धी वाडी मुंबईच्या वहीत गेली."

मोठी झाल्यावर मी ते आकडे शोधले. 2001 ला रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं, 2011 ला 16,15,069. सगळा देश वाढत होता आणि आपला जिल्हा 81,708 ने कमी झाला. सिंधुदुर्गाचंही तेच. हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका आपल्याकडे, त्यावर बाहेरचे लोक कौतुकाने बोलतात. तुम्ही हसायचात, की पुरुष परळला आहेत म्हणून. तर बाबा, त्या वजाबाकीत मी पण आहे. आणि त्याच दशकात नेपरव्हिल तेरा हजारांनी वाढलं, त्या बेरजेतही आहे. 2020 चा इथला फॉर्म मी लॉकडाउनमध्ये घरी बसून ऑनलाइन भरला. कुणी पाखाडी चढून आलं नाही, कुणाला चहा करावा लागला नाही. घरात माणसं किती, तर चार. वंश कोणता, तर "एशियन इंडियन" असा तयार चौकोन होता. खूण केली आणि मग उगाच आल्याचा चहा केला, एकटीसाठी.

असो. आता घरातलं सांगते, कारण आईला तेच हवं असेल.

तळमजल्यावर एक खोली आहे. तिला कुणी गेस्ट रूम म्हणायचं नाही, चिऊने दारावर कागद लावलाय: "आजी-आजोबा". खिडकी पूर्वेला, सकाळचं ऊन पलंगावर येतं. जिने चढायला नकोत. न्हाणीघर खोलीला लागून. भिंतीला धरायला दांडे बसवून घेतलेत, खाली खडबडीत फरशी आहे, बसून आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल आणि तांब्यासाठी बादली. शॉवरखाली उभं राहावं लागणार नाही. आणि आई, तू मागच्या वेळी जे कुजबुजून विचारलं होतंस, तो पाण्याचा जेट दोन्हीकडे लावलाय. बर्फ पडला तरी घरात उबदार असतं, स्वेटर घालून झोपायची वेळ येत नाही. तुझी विळी मी 2012 ला कपड्यांत गुंडाळून आणली ती अजून धारदार आहे. ती मांडायला उंच ओटा करून घेतलाय, म्हणजे गुडघे मोडून बसायला नको. खवलेला नारळ गोठवलेला मिळतो. त्याला तू नारळ म्हणणार नाहीस, ठाऊक आहे मला, पण अख्खाही मिळतो, फोडून बघावा लागतो इतकंच. कुळथाचं पीठ, आमसुलं, सगळं दहा मिनिटांवर. बाबांना नदीकाठी चालायला सलग सपाट रस्ता आहे, जागोजागी बाकं. 1981 साली गावाला दीडशे वर्षं झाली तेव्हा तो लोकांनी बांधायला घेतला. माझ्याच वयाचा.

समोरच्या घरात ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहतात. चार बेडरूम, मुलगा कॅलिफोर्नियात. पहिल्या दिवशी केक घेऊन आल्या आणि त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. "सकाळी पडदा उघडा दिसला नाही तर ये." मी रोज सकाळी तो पडदा बघते. तुमची खिडकी मात्र मला दिसत नाही.

आणि म्हणूनच पुढचं जरा रागाने लिहिणार आहे.

श्रावणात बाबा विहिरीकडच्या पायऱ्यांवर घसरले, हे मला कार्तिकात शेजारच्या काकूंकडून कळलं. आई, "मुका मार होता" हे उत्तर नाही. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली होतं आणि तुमचा फोन लागत नव्हता, ते दोन दिवस मी कसे काढले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं. त्यामुळे पुढच्या गोष्टींवर चर्चा नको.

पायऱ्यांवरचं शेवाळ दर आठवड्याला गड्याकडून खरवडून घ्यायचं. पंप आहे, तर कळशी घेऊन विहिरीवर जायचं नाही, "सवय आहे" म्हणूनसुद्धा नाही. तुमच्याही न्हाणीघरात दांडे बसणार आहेत, सुताराशी बोलणं झालंय, तो मंगळवारी येईल, त्याला "नंतर ये" म्हणून परत पाठवायचं नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. सुपारी कुणी किती चोरली हे बघायला आगरात काळोखात जायचं नाही, नेली तर नेली. आईच्या बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड नाहीत, रोज. गोळी उरली म्हणजे वाचली असं नसतं, आई. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू डिसेंबरात काढून घ्यायचा, मी येईपर्यंत थांबायचं नाही. चिपळूणला न्यायला मावसभाऊ गाडी घेऊन येतोय. फोन रात्री उशाशी, फळीवर नाही.

रागावले. लहानपणी तुम्ही मला असंच पाठ करून घेतलंत सगळं, तेच परत करतेय समजा. मला आठवतं, परीक्षेच्या सकाळी आई माझ्या दोन वेण्या घालायची आणि बाबा मागून पाढे विचारायचे. एकोणतीसचा पाढा मला अजून वेणीच्या ओढीसकट येतो.

तुम्ही कायमचं इकडे या असं मी म्हणत नाही. म्हणवतही नाही. आगर कोण शिंपणार, देवापुढे दिवा कोण लावणार, हे मला समजतं. व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, पण तेवढेही नकोत. एप्रिल-मे आंब्याचे, बाबा तेव्हा देवाने बोलावलं तरी जायचे नाहीत. म्हणून असं ठरवलंय: आंबा उतरवा, पेट्या भरा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात निघा. पावसाळा इथे काढा, म्हणजे त्या पायऱ्याही नकोत. गणपती पुढच्या वर्षी 14 सप्टेंबरला आहेत, ऑगस्टअखेर तुम्हाला परत पोचवते. मी स्वतः सोबत येते आणि गणपती करूनच फिरते. पासपोर्ट संपत आलेत, ट्रंकेतून काढून तारीख बघा आणि मला फोटो पाठवा. दोन्ही पानांचा. बोट मध्ये न येऊ देता.

घर विकायचा, आगर विकायचा विषय मी काढलेला नाही आणि काढणारही नाही. समीरच्या मावशी काही बोलल्या असतील तर ते त्यांचं.

अजून एक. 2027 च्या फेब्रुवारीत पुन्हा शिरगणती आहे, या वेळी मोबाइलवर. कुणी तरुण मास्तर येईल, ओटीवर बसेल आणि घरात माणसं किती विचारेल. बाबा त्याच्या चुका काढतील ते काढोत. पण आई त्याला माझं नाव सांगणार, मला माहीत आहे. तिला अडवू नका. त्याला चहा द्या आणि काय लिहायचं ते त्याचं त्याला ठरवू दे.

तुमची,
बाळी

ता. क. तळलेले गरे पाठवू नका, इथे मिळतात. पाठवलेच तर तिखटाचे नकोत, धाकटा खात नाही.